टकरीची मोटार आणि तिची चाके

डर्बी हा शब्द कानी पडला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे मुंबईचे महालक्ष्मीचे मैदान, रंगीबेरंगी पोशाखातील जॉकी आणि तुकतुकीत कांतीचे घोडे उभे राहतात. १९४३ साली सुरू झालेल्या इंडियन डर्बीने हा शब्द आपल्या परिचयाचा करून ठेविला आहे. आज मी ज्या डर्बीविषयी बोलणार आहे तिच्यात मात्र घोडे नाहीत, कापावयाचे अंतर नाही आणि कोणी कोणाच्या पुढे जावयाचेही नाही. तिला डिमॉलिशन डर्बी असे म्हणतात. डिमॉलिशन म्हणजे मोडतोड. दहा-पंधरा जुन्या मोटारी एका बंदिस्त मैदानात सोडावयाच्या, त्यांनी एकमेकींना बुद्ध्या धडका द्यावयाच्या आणि जिची हालचाल सर्वांच्या शेवटी थांबेल ती विजयी ठरवावयाची, असा हा अमेरिकेतील खेळ आहे. एडक्यांच्या टकरी आपण पाहिल्या असतील. येथे एडक्यांच्या जागी प्रत्येकी पावणेदोन-दोन टन वजनाच्या मोटारी असतात, एवढाच फरक.

प्रथमदर्शनी हा प्रकार पोरकट वाटतो, आणि धडका पाहून टाळ्या पिटणाऱ्या प्रेक्षकांपुरता तो तसा असेलही. परंतु या खेळात उतरणाऱ्या माणसाने आपली मोटार कशी तयार केली आहे हे पाहू लागलो, की निराळेच चित्र दिसते. मैदानावरचा खेळ काही मिनिटांत आटोपतो. गॅरेजमधील तयारीला कित्येक आठवडे लागतात. मोटार मोडणार हे अगदी पहिल्या दिवसापासून निश्चित असते. तेव्हा तिचा कोणता भाग मोडू द्यावयाचा आणि कोणता काही झाले तरी मोडू द्यावयाचा नाही, याचा निर्णय आधीच, थंड डोक्याने घेणे हा त्या तयारीचा गाभा आहे. तो कसा घेतला जातो हे आज आपण क्रमाने पाहू.

या खेळाचा जनक कोण याविषयी अमेरिकेत अनेक दावे आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दशकात तेथे ठिकठिकाणी असे प्रयोग झाले. तथापि खेळाला लौकिक मिळवून देण्याचे श्रेय सामान्यतः लॅरी मेंडेलसन या गृहस्थांना देतात. न्यूयॉर्क शहराला लागून असलेल्या लाँग आयलंडवर आयस्लिप या गावी मोटारशर्यतींचे एक छोटेसे मैदान होते. लोक शर्यतीपेक्षा अपघात पाहावयास अधिक उत्सुक असतात हे मेंडेलसन यांनी हेरले आणि १९५८ साली तेथे केवळ टकरींचाच खेळ लावला, अशी कथा सांगितली जाते. पुढे एबीसी या दूरचित्रवाणी कंपनीने आपल्या 'वाइड वर्ल्ड ऑफ स्पोर्ट्स' या कार्यक्रमातून आयस्लिपच्या टकरी देशभर दाखविल्या. ते मैदान १९८४ साली बंद झाले. पण तोवर खेळ गावोगावच्या शेतकी जत्रांत जाऊन पोहोचला होता. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग. उन्हाळ्याच्या सुमारास अनेक काउंटींत जनावरांचे प्रदर्शन, पिकांची बक्षिसे, पाळणे आणि खाद्यपदार्थ यांची जत्रा भरते. त्या जत्रेत एखादी संध्याकाळ टकरीच्या मोटारींसाठी राखून ठेवलेली असते. भाग घेणारे बहुतेक धंदेवाईक खेळाडू नसतात. शेतकरी, यंत्रकारागीर, कारखान्यातील कामगार असे लोक असतात, आणि त्यांच्या घरची मंडळी प्रेक्षकांत बसलेली असतात. चालकाच्या सुरक्षिततेचा प्रश्न तेथे कागदावरचा राहत नाही, तो याच कारणाने.

खेळाचे नियम जत्रेगणिक बदलतात, परंतु काही गोष्टी बहुतेक ठिकाणी समान असतात. चालकाच्या बाजूच्या दरवाजावर धडक देणे हा सर्वांत मोठा गुन्हा. तसे करणारास तत्काळ बाद करतात. तो दरवाजा दुरूनही ओळखू यावा म्हणून पुष्कळदा त्याला पांढरा किंवा इतर अंगापेक्षा वेगळा रंग देतात. ठरावीक वेळात, बहुधा एक ते दोन मिनिटांत, प्रत्येकाने निदान एक धडक दिलीच पाहिजे; कोपऱ्यात दबा धरून बसणे चालत नाही. चालकाजवळच्या खांबाला एक काठी बांधलेली असते. ज्याला खेळ सोडावयाचा असेल त्याने ती मोडावयाची, म्हणजे इतरांनी त्याच्या वाटेस जावयाचे नाही. आग दिसताच निशाण दाखवून सर्व मोटारी थांबवितात. मैदानात खेळापूर्वी भरपूर पाणी मारून चिखल करतात. हा चिखल निव्वळ गमतीसाठी नसतो. चिखलात मोटारीला वेग घेता येत नाही आणि वेग आटोक्यात राहिला तरच माणूस सुखरूप राहतो.

वेगाचा हा हिशेब थोडा समजून घेण्यासारखा आहे. १८०० किलो वजनाची मोटार ताशी ३० किलोमीटर वेगाने जाऊन एखाद्या न हलणाऱ्या भिंतीवर आदळली, तर तो आघात ती मोटार सुमारे साडेतीन मीटर उंचीवरून खाली पडल्यासारखा असतो. म्हणजे जवळपास पहिल्या मजल्याच्या गच्चीवरून. आता वेग दुप्पट, ताशी ६० किलोमीटर केला, तर उंची दुप्पट होत नाही. ती चौपट, म्हणजे सुमारे १४ मीटर होते, कारण गतीची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. मैदान लहान ठेवणे आणि जमीन ओली करणे हे या गणितावरचे अत्यंत स्वस्त आणि परिणामकारक उत्तर आहे.

आता मोटारीची निवड. आपल्याकडे सरकारी मोटारीचे आयुष्य कागदावर संपते. निर्लेखनाची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर जाते, समिती पाहणी करते आणि मोटार भंगारात निघते. १ एप्रिल २०२३ पासून तर १५ वर्षांपेक्षा जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी पुढे चालू ठेवता येत नाही. अमेरिकेत अशीच निरुपयोगी ठरलेली, पण इंजिन चालू असलेली मोटार टकरीच्या खेळाडूला हवी असते. त्यातही त्याची पसंती मोठ्या सेडानला. सेडान म्हणजे चार दरवाजांची, मागे स्वतंत्र डिकी असलेली मोटार. पुढे इंजिन, मध्ये माणसे आणि मागे मोकळी डिकी अशी तिची तीन दालने असतात. आणि मागचे मोकळे दालन धडक झेलण्यास फार उपयोगी पडते.

दुसरी कसोटी सांगाड्याची. काही मोटारींत खाली पोलादी चौकट स्वतंत्र असते आणि तिच्यावर वरचे अंग बोल्टांनी बसविलेले असते. आपली जीप किंवा मालट्रक हे त्याचे परिचित उदाहरण. दुसऱ्या प्रकारात अशी वेगळी चौकट नसते. पत्र्याचे अंगच दुमडून, जोडून सांगाड्याचे काम करते. आपली अँबॅसडर दणकट म्हणून प्रसिद्ध असली तरी ती या दुसऱ्या, एकसंध बांधणीची होती. टकरीत स्वतंत्र चौकटीची मोटार अधिक काळ टिकते. अमेरिकेत पोलिसांनी आणि टॅक्सीवाल्यांनी वर्षानुवर्षे वापरलेली फोर्ड कंपनीची क्राउन व्हिक्टोरिया ही अशीच मोटार. २०११ साली तिचे उत्पादन थांबले, पण जत्रांतून ती अद्याप मोठ्या आवडीने मोडली जाते. उलट १९६४ ते १९६६ या काळातील क्रायस्लर कंपनीची इंपीरियल ही मोटार इतकी भक्कम निघाली की तिच्यापुढे इतरांचा निभाव लागेना. तेव्हा बहुतेक ठिकाणी तिला खेळात येण्यासच बंदी झाली. अति बळकट असणे हाही एक अपराध ठरू शकतो, तो असा.

मोटार घरी आणल्यावर पहिले काम काही बसविण्याचे नसते, काढून टाकण्याचे असते. सर्व काचा बाहेर काढतात. त्या फोडून दरवाजाच्या पोकळीत सोडण्याचा आळस केला तर पहिल्याच धडकेबरोबर तुकडे चालकाच्या अंगावर येतात. दिवे, शोभेच्या पट्ट्या, प्लॅस्टिकचे भाग, मागची आसने, गालिचा, छताचे अस्तर, म्हणजे जे उडू शकते आणि जे पेटू शकते, ते सगळे जाते. नव्या मोटारींत अपघातसमयी फुगणाऱ्या हवेच्या पिशव्या असतात. त्याही काढतात, कारण येथे दर मिनिटाला अपघातच व्हावयाचा असतो. १९७३ नंतरच्या अमेरिकन मोटारींच्या बंपरमागे धक्का सोसणाऱ्या नळ्या आढळतात. आत दाबाखाली द्रव किंवा वायू असल्यामुळे त्या फुटण्याचा धोका असतो, म्हणून त्यांना भोक पाडून दाब आधीच मोकळा करतात. रेडिएटरमध्ये अनेक ठिकाणी साधे पाणीच भरावयास सांगतात, कारण गोठणे टाळण्यासाठी घालावयाचा द्रव विषारी असतो. खेळानंतर त्याच जत्रेच्या आवारात जनावरे यावयाची असतात.

त्यानंतर येतो पेट्रोलचा प्रश्न. सेडानची टाकी बहुधा डिकीखाली, म्हणजे नेमकी जेथे धडका बसावयाच्या तेथेच असते. म्हणून ती काढून टाकून, एक लहानशी धातूची किंवा होडीत वापरतात तशी मजबूत टाकी आत, मागच्या आसनाच्या जागी आणतात. खेळ अर्ध्या तासाच्या आत संपतो. त्याला पंधरा-वीस लिटर पुरेसे होतात, आणि जितके पेट्रोल कमी तितकी आग लहान. टाकी नुसती दोरीने बांधून चालत नाही. ती पोलादी पट्ट्यांनी तळाशी जखडून वर जाड रबरी चादर घालतात. बॅटरी इंजिनाजवळून काढून शेजारच्या आसनापुढील तळावर आणतात आणि तीही पेटीत बंद करून घट्ट बसवितात, कारण तुटलेली विजेची तार आणि सांडलेले पेट्रोल यांची गाठ पडू द्यावयाची नसते. पेट्रोलचा पंप विजेवर चालणारा असेल, तर तो बंद करण्याचे बटण ठळक खूण करून अशा जागी ठेवतात की बाहेरून धावत आलेल्या माणसाचाही हात त्यावर पडावा. बॉनेटला एक मोठे छिद्र कापतात. बॉनेट वाकून घट्ट बसले असता आतील आग विझविणार कशी, या प्रश्नाचे उत्तर म्हणजे ते छिद्र. मोटार तयार करणाऱ्या माणसाने सर्वांत वाईट प्रसंगाचा विचार कितपत केला आहे, हे या एका छिद्रावरून कळते.

चालकाच्या जागेभोवती मात्र भर घालण्यास मुभा असते. आसनामागे एक आडवा पोलादी दांडा, पुढे डॅशबोर्डाच्या जागी दुसरा, आणि दोन्ही बाजूंनी त्यांना जोडणारे दांडे, असा एक चौकोन वेल्डिंगने तयार करतात. चालकाच्या दरवाजावर बाहेरून जाड पत्रा बसवितात. बाकीचे दरवाजे साखळीने, तारेने किंवा वेल्डिंगने कायमचे बंद करतात. पुढची काच गेल्यामुळे उघड्या पडलेल्या जागेत दोन-तीन गज उभे करतात. धडकेने सुटलेले बॉनेट मागे सरकून आत घुसू नये हा त्यांचा हेतू. शिरस्त्राण, डोळ्यांवर संरक्षण आणि आसनाचा पट्टा यांशिवाय कोणासही मैदानात सोडत नाहीत.

येथे एक शंका येईल. असेच दांडे आणि पत्रे पुढेमागेही ठोकून सगळी मोटारच अभेद्य का करू नये? याला दोन उत्तरे आहेत. पहिले उत्तर नियमांचे. सांगाडा किती ठिकाणी जोडावयाचा, वेल्डिंग किती इंच लांब असावयाचे, हे नियमपत्रात बारकाईने लिहिलेले असते आणि संशय आल्यास सांगाड्याला भोक पाडून आतील जाडी पाहण्याचा अधिकार अनेक ठिकाणी तपासनीस आपल्याकडे राखून ठेवतो. दुसरे उत्तर शास्त्राचे, आणि ते अधिक महत्त्वाचे. धडकेची ऊर्जा कोठेतरी खर्च झालीच पाहिजे. पत्रा चुरगळला तर ती पत्र्यात खर्च होते. पत्रा मुळीच वाकला नाही, तर तो धक्का जसाच्या तसा आत बसलेल्या माणसाच्या मानेपर्यंत पोहोचतो. बेला बारेन्यी या अभियंत्याने हे तत्त्व ओळखून मध्यभाग कठीण आणि दोन्ही टोके चुरगळणारी अशा मोटारीची कल्पना मांडली. तिचे पेटंट १९५२ साली मिळाले आणि १९५९ साली मर्सिडीज-बेंझ कंपनीने ती रस्त्यावरच्या मोटारीत प्रत्यक्ष उतरविली. आज आपण ज्या मोटारींतून हिंडतो त्या सर्वांत हाच विचार आहे. टकरीचे अनुभवी खेळाडूही आपल्या परीने तेच करतात. काही ठिकाणी नियमांच्या मर्यादेत राहून ते मागच्या चौकटीला आधीच एक लहानशी खाच पाडतात, म्हणजे धडक बसल्यावर डिकी खाली वाकून चाकांवर न बसता वरच्या बाजूस वळत जाते. मोडावयाचे तर कोठे आणि कोणत्या दिशेने, हेही आपणच ठरवावयाचे.

आता चलनवलनाकडे वळू. पुढच्या टोकाशी रेडिएटर असतो आणि तो फुटला की इंजिन तापून काही मिनिटांत बंद पडते. म्हणून जाणता खेळाडू शक्यतो मोटार उलटी, मागच्या गिअरमध्ये चालवून डिकीने धडक देतो. पण ती शक्ती जमिनीपर्यंत नेण्याचे काम मागच्या दोन चाकांचे, आणि येथे डिफरन्शियल नावाचा भाग आडवा येतो. वळण घेताना बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते. दोन्ही चाकांना निरनिराळ्या गतीने फिरू देणारी दंतचक्रांची योजना म्हणजे डिफरन्शियल. रस्त्यावर ती आवश्यक असते. पण पावसाळ्यात चिखलात रुतलेली मोटार ज्यांनी पाहिली असेल त्यांना तिचा दोषही ठाऊक असेल: एक चाक जागच्या जागी गरगर फिरून चिखल उडविते आणि दुसरे स्वस्थ उभे असते. टकरीचा खेळाडू ती आतली दंतचक्रे वेल्डिंगने एकमेकांना जोडून टाकतो. मग दोन्ही चाके एकदमच फिरतात. डांबरी रस्त्यावर अशी मोटार वळताना टायर खरवडून काढील. चिखलात मात्र तीच सोय ठरते.

आणि अशा रीतीने आपण टायरपाशी येतो. इतकी सगळी खटपट करून जी शक्ती चाकापर्यंत आली, ती जमिनीला लागते किती जागेवर? १८०० किलोची मोटार, म्हणजे प्रत्येक चाकावर सुमारे ४५० किलो भार. टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला २ किलो असेल, तर टायरचा जमिनीला टेकलेला भाग स्थूलमानाने २२५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे हाताच्या पसरलेल्या पंजाहून थोडा मोठा. एवढ्याशा जागेवर सगळा खेळ उभा असतो.

टायर निवडताना दोन गुण पाहावयाचे असतात आणि पंचाईत अशी की ते एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. एक गुण चिखलात पकड घेण्याचा, दुसरा आघात सोसण्याचा. हवेचा दाब कमी ठेवला तर टायर पसरतो, जमिनीवर अधिक टेकतो आणि पकड वाढते. पण तोच टायर बाजूने धडक बसताच रिमवरून सुटतो. टायरच्या काठात पोलादी तारांचे कडे असते आणि आतला दाब ते कडे रिमच्या कडेशी दाबून धरतो. दाब गेला की कडे निसटते आणि हवा एका क्षणात निघून जाते. उलट हवा ठासून भरली तर काठ बसून राहतो, पण टायर कठीण होऊन चिखलावर घसरू लागतो. यातून मध्यम मार्ग असा काढतात, की टायरची बाजूच इतकी ताठ निवडावयाची की कमी हवेतही ती उभी राहील.

बाजूचा ताठपणा टायरच्या आतील पदरांवर अवलंबून असतो. मिशलिन कंपनीने १९४६ साली पेटंट घेतलेल्या रेडियल पद्धतीत पदरांचे धागे एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत सरळ आडवे जातात आणि जमिनीला टेकणाऱ्या भागाखाली वेगळे पट्टे असतात. त्यामुळे बाजू पातळ आणि लवचीक राहते. रस्त्यावर त्याने प्रवास सुखाचा होतो, टकरीत मात्र ती पातळ बाजू चिरली जाते. आपल्याकडे ज्याला सर्रास नायलॉन टायर म्हणतात त्या जुन्या पद्धतीत धाग्यांचे पदर तिरपे, एकमेकांवर फुली मारल्यासारखे असतात आणि जितके पदर पाठीवर तितकेच बाजूलाही असतात. मालवाहू गाडीचा असा जाड बाजूचा टायर टकरीला अधिक मानवतो. टायरवर लिहिलेला पदरांचा आकडा पाहून फसू नये, एवढी सूचना मात्र केली पाहिजे. आठ पदर असे लिहिले असले तरी आत तितके पदर असतीलच असे नाही. तो आकडा बळाचे मान सांगतो.

नक्षीविषयीही असाच विवेक लागतो. चिखलात बारीक, दाट नक्षी काही क्षणांत भरून जाते आणि टायर गुळगुळीत गोट्यासारखा होतो. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकावर असतात तसे उंच, अंतर सोडून असलेले ठोकळे हवेत. चाक फिरताना त्यांच्यामधला चिखल आपोआप बाहेर फेकला जातो. ट्रॅक्टरच्या टायरवरचे ठोकळे बाणासारखे एका दिशेला रोखलेले असतात हेही आपण पाहिले असेल. असा टायर एकाच दिशेने फिरताना नीट साफ होतो. ज्या मोटारीला अर्धा खेळ उलटे धावावयाचे आहे, तिने ही दिशा लक्षात घेतलीच पाहिजे. शिवाय उलटी मोटार जोराने सुटते तेव्हा तिचा भार जडत्वाने पुढच्या चाकांकडे झुकतो आणि ज्या मागच्या चाकांनी ढकलावयाचे तीच हलकी होतात. म्हणून उत्तम टायर मागे. ते दोन्ही सारख्या घेराचे असले पाहिजेत, कारण डिफरन्शियल जोडून टाकल्यामुळे दोन्ही चाके सारखेच फेरे घेतात. एकाचा घेर लहान असला तर मोटार सतत एका बाजूला ओढत राहील. पुढच्या टायरांचे काम दिशा राखण्याचे आणि बाजूचे घाव सोसण्याचे. तेथे पकडीपेक्षा ताठपणा महत्त्वाचा.

टायर टिकविण्याचे काही जुने उपायही आहेत. ट्यूब नसलेल्या टायरमध्ये मुद्दाम ट्यूब घालतात, म्हणजे काठ किंचित हलला तरी हवा लगेच जात नाही. काही जण मोठ्या टायरच्या आत लहान टायर बसवितात. आपल्याकडे सायकलच्या किंवा ट्रकच्या चिरलेल्या टायरमध्ये जुन्या टायरचा तुकडा गेटर म्हणून घालतात, त्याच जातीची ही युक्ती. वाल झाकण्यासाठी रिमवर एक लहान पोलादी टोपी वेल्ड करतात, कारण त्या एवढ्याशा नळीवर घाव बसला तर बाकीचे सर्व शहाणपण फुकट जाते. चाक समतोल करण्यासाठी रिमला लावलेले शिशाचे तुकडे काढून टाकतात. ते सुटून गोळीसारखे प्रेक्षकांत जाऊ शकतात. लोखंडी खिळ्यांचे टायर आणि साखळ्या यांना बहुतेक ठिकाणी मनाई असते. घन रबराचे किंवा आत फेस भरलेले टायर काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी नाहीत. ते नियमपत्र सांगेल.

परंतु टायरचा सर्वांत मोठा शत्रू बाहेरची मोटार नसून स्वतःचाच पत्रा असतो. धडकेने चाकावरचा पत्रा आत दुमडतो, त्याची धार सुरीसारखी टायरवर टेकते आणि चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत बाजू कापली जाते. म्हणून चाकांभोवतीचा पत्रा आधीच मोठ्या अर्धवर्तुळात कापून, त्याची कड आत वळवून बोल्टांनी पक्की करतात. महागडा टायर विकत घेऊन हे काम टाळणारा खेळाडू पहिल्या पाच मिनिटांत रिमवर येतो. नुसत्या रिमवरही मोटार काही काळ सरपटते, पण रिम चिखलात नांगरासारखी रुतत जाते आणि शेवट लांबत नाही.

आपल्यापैकी कोणास या खेळात उतरावयाचे नसेल. तरी एक गोष्ट येथून घेण्यासारखी आहे. जुन्या टायरचे रबर कडक होते आणि त्याच्या बाजूला बारीक भेगा पडतात. नक्षी शाबूत दिसली तरी तो टायर विश्वासाचा राहत नाही. २००० सालापासूनच्या टायरवर बाजूला चार आकडी खूण असते. २३१८ असे असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. टकरीचा खेळाडू ही खूण वाचूनच भंगाराच्या ढिगातून टायर निवडतो. घरच्या माणसांना घेऊन महामार्गावर निघणाऱ्या आपण ती खूण कितीदा पाहतो, हे ज्याचे त्याने आठवून पाहावे.

खेळ संपला की ओळखूही न येणारे ते मोटारीचे अंग साखळीने ओढून बाहेर नेतात आणि ते भंगारवाल्याच्या स्वाधीन होते. त्यापूर्वी तिचा मालक पाने घेऊन आत शिरतो. आसनाभोवतीचे दांडे, पट्ट्यांनी जखडलेली लहान टाकी, बॅटरीची पेटी, जोडलेले डिफरन्शियल आणि शाबूत राहिलेले टायर एवढे तो काढून घेतो. पुढच्या वर्षी दुसरी जुनी सेडान येईल आणि हेच सामान तिच्यात बसेल. ज्या गोष्टी मोडू द्यावयाच्या नाहीत असे त्याने गॅरेजमध्ये ठरविले होते, त्यांतल्या बहुतेक या अशा त्याच्या हाती परत आलेल्या असतात. आणि या सामानापाशी वाकलेला तो स्वतः धडधाकट असतो.